आत्याच्या आवाजाचं कलम

नटांचे आवाज सगळेच काढतात. मी नात्यातले काढतो.

मामा शिंकायच्या आधी छताकडं बघून जो श्वास घेतो, तो मला येतो. मावशी "ठेवते हां" म्हणून पुढं अर्धा तास बोलते, ते येतं. तालुक्याच्या शाळेत असताना मी वर्गाबाहेर उभं राहून हेडमास्तरांच्या आवाजात "शांतता!" असं ओरडलो होतो. आमचा वर्ग गप्प झाला, शेजारचा वर्ग गप्प झाला, शेजारच्या वर्गातले मास्तर पण गप्प झाले. फक्त हेडमास्तर बोलले, कारण ते माझ्या मागंच उभे होते.

पण माझं सगळ्यात भारी काम म्हणजे आत्या.

आत्या माझ्या बापाची थोरली बहीण. धायरीत दिलेली. ती लग्न होऊन आली तेव्हा दारात ज्वारी होती, आता त्याच जागेवर तिची तीन मजली बिल्डिंग आहे. यजमान गेले त्याला बरीच वर्षं झाली. वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू आणि तळमजल्यावर आत्या, दादा आणि गेली चार वर्षं मी. सोमवार ते शुक्रवार मी हडपसरला एका कंपनीत बसून लोकांना त्यांचे विसरलेले पासवर्ड परत मिळवून देतो. शनिवार-रविवार हळदी, बारशी आणि कंपन्यांचे कार्यक्रम, तिथं आवाज काढतो. धायरी ते हडपसर रोज बाईकवर जाणाऱ्या माणसाचा घसा असाही तयार होतोच, सिग्नलला ओरडून ओरडून.

दादा म्हणजे आत्याचा मुलगा. अडतीस वर्षांचा. जन्मापासूनच त्याची समज सात-आठ वर्षांच्या पोराइतकी. पण बिल्डिंगचं पाणी त्याच्या ताब्यात. सकाळी सहाला आणि परत संध्याकाळी तो मोटरचं बटण दाबतो, गच्चीवर जातो, टाकीत डोकावून उभा राहतो आणि पाणी काठाला आलं की अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतो, "भरलंऽऽ!" मग खाली आत्या बटण बंद करते. एका भाडेकरूनं आत्याला सुचवलं की आपोआप बंद होणारं यंत्र मिळतं, फार महाग नाही. आत्यानं विचारलं, "ते 'भरलं' म्हणतं का?" विषय संपला.

दादाचं एकच अवघड होतं. उठणं, अंघोळ, जेवण, गोळी, यातलं काहीही आत्यानं म्हटल्याशिवाय नाही. "ऊठ माझ्या वाघा," असं तिनं म्हटलं की वाघ उठणार. मी म्हटलं की वाघ कूस बदलणार. म्हणून मी आत्याचा आवाज शिकलो. त्यात थोडं नाक आहे, थोडा चुलीचा धूर आहे, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ती जरा दमते. आठवडाभरात जमलं. आत्या भाजी आणायला गेली असली की मी बाथरूमच्या दाराआडनं म्हणायचो, "पाठ घास माझ्या वाघा," आणि आतनं घासल्याचा आवाज यायचा.

मागच्या वर्षी आत्याच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन, दोन रात्री दवाखाना. सगळ्यांना प्रश्न पडला की दादा जेवणार कसा. मला पडला नाही. मी ताट वाढायचो, स्वयंपाकघरात जाऊन दार ओढून घ्यायचो आणि आतनं आत्या व्हायचो. "जेव माझ्या वाघा, भाजीत मीठ बरोबर हाय." ताट चाटूनपुसून साफ. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन आत्याला हे साग्रसंगीत करून दाखवलं. ती हसली, हसल्यामुळं टाके दुखले, आणि नर्सनं मला बाहेर काढलं. जाताना मी नर्सचा आवाज काढला. तेव्हा वॉचमननं काढलं.

घरी आल्यावर आत्या आठवडाभर गप्प गप्प होती. मला वाटलं, टाके. एके दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "मी आले माघारी. नसते आले तर?"

"आलीस की."

"दर बारीला येईन का?"

मी तव्यावरची भाकरी उलटली.

उत्तर होतं काकांकडं. काका म्हणजे आत्याचे दीर, गल्लीच्या तोंडाशी राहतात. ते म्हणाले, "वहिनी, कशापायी काळजी करता? मी हाय ना." काका देवमाणूस. पण काकांचं वय एकाहत्तर आणि दादाचं अडतीस. शाळेत मला गणित कधी जमलं नाही, पण एवढं जमलं. आत्यालाही जमलं होतं. तिनं वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूकडनं एका वकीलबाईंचा पत्ता घेतला आणि आम्ही सगळे रिक्षा करून कर्वेनगरला गेलो. आत्या, दादा, काका आणि मी.

वकीलबाईंनी चष्म्यावरनं आम्हाला मोजलं. "चौघं आलात. खुर्च्या तीन आहेत. ज्याचं काम नाही त्यानं उभं राहावं."

मी उभा राहिलो. कुणी आग्रह केला नाही.

"बस माझ्या वाघा," आत्या दादाला म्हणाली आणि मग विषयाला हात घातला. तिला मृत्युपत्र करायचं होतं. घर दादाच्या नावावर, काम झालं.

"करून देते," वकीलबाई म्हणाल्या. "स्वस्तात पडेल. तुमच्यानंतर घर मुलाचं होईल, अभिनंदन. मग भाडेकरूचा करार संपेल. सही कोण करणार? पाइप फुटेल. खात्यातले पैसे कोण काढणार? हे?" दादा त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट डोळ्याला लावून काकांकडं बघत होता.

आत्यानं त्याच्या हातातला पेपरवेट काढून टेबलावर ठेवला.

"दुसरा मार्ग आहे. तुम्ही हयात असतानाच ट्रस्ट करा. घर ट्रस्टमध्ये जातं. तुम्ही आहात तोवर विश्वस्त तुम्हीच. भाडं तुम्हीच घ्यायचं, घर तुम्हीच चालवायचं. तुमच्यानंतर तुम्ही आत्ता नेमून ठेवलेली माणसं त्याच दिवसापासून तेच काम पुढं करतील. कोर्टाची वाट बघायला नको, घर बंद पडायला नको. घर त्यांचं होत नाही. ते सांभाळायचं, आणि सगळं मुलासाठी."

"आन खर्च?"

"मुद्रांक, नोंदणी, माझी फी. माझी फी मी कमी करत नाही, विचारू नका. पुढं ट्रस्टचं वेगळं पॅनकार्ड, वेगळं खातं, दरवर्षी विवरणपत्र. त्याला सीए लागतो. तोही फी कमी करत नाही, मी विचारून बघितलंय."

त्यांनी कागदावर आकडा लिहून फिरवला. आत्यानं तो वाचला आणि म्हणाली, "एवढ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग होतंय." हे मी समजू शकतो. आमचा जिना गळतो. गच्चीच्या कामासाठीच तिनं तीन वर्षं पैसे बाजूला ठेवले होते, आणि तोवर जिन्यात बादली.

पण आत्याची खरी अडचण वेगळी होती. ती वकीलबाईंच्या "घर ट्रस्टमध्ये जातं" या वाक्यावर अडकली होती.

"म्हंजे माझं राहत न्हाय."

"नावानं नाही."

"मग ही हक्कसोडच झाली. एकदा केलीय मी. भावाच्या जमिनीसाठी. तवा बी सगळे म्हणाले, आक्का, नुसती सही हाय. साडी मिळाली, पोपटी. पयल्या धुण्यात रंग गेला."

भाऊ म्हणजे माझा बाप. खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, जसं काही ती साडी मीच धुतली होती.

मी वातावरण हलकं करायला पुढं झालो. म्हटलं, थांबा, मी करून दाखवतो. पेपरवेट म्हणजे घर, टाचण्यांची डबी म्हणजे आत्या, स्टेपलर म्हणजे विश्वस्त. प्रत्येकाला एक एक आवाज दिला. स्टेपलरला मी जरा लबाड आवाज दिला, तिथं चुकलं. आत्या म्हणाली, "ह्यो खाणार घर." वकीलबाईंनी स्टेपलर माझ्या हातातनं काढून घेतला.

मग अचानक आत्याच म्हणाली, "थांबा. म्हंजे भावकीची पातेली?"

वकीलबाईंना कळलं नाही. आत्यानं सांगितलं. धायरी गाव होतं तेव्हा सगळ्या भावकीनं मिळून लग्नकार्याची मोठी भांडी घेतली होती. पातेली, घंगाळं, झारे, जाजमं. ती एकाच्या घरात ठेवायची. किल्ली त्याच्याकडं, घासूनपुसून तो ठेवणार. ज्याच्या घरी कार्य असेल त्यानं न्यायची, वहीत लिहायचं, परत आणायची. ठेवणारा गेला की भावकी दुसऱ्याला नेमणार. "आमच्याच घरात होती बारा वर्सं. घर आमचं, भांडी आमच्या घरात, पण आमची न्हाईत. इकायचा इचारसुदिक केला न्हाय कुणी."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "आई, मला हे कॉलेजात दोन वर्षं शिकवत होते, तरी एवढं स्पष्ट झालं नव्हतं."

"मग येवढंच हाय ना? दादा म्हंजे कार्य. घर म्हंजे पातेलं."

काका उत्साहानं पुढं सरकले. "मग ठेवणारा मी हाय की! आमच्याकडं बी होती भांडी, वहिनींच्या नंतर."

आत्यानं काकांकडं नुसतं बघितलं. "भावजी, सगळ्यात मोठं पातेलं कुठंय?"

काकांनी खिशातला रुमाल काढला.

"तुमच्या गच्चीवर हाय," आत्या म्हणाली. "त्यात कढीपत्ता लावलाय."

"वहिनी, ते जरा बुडाला तडकलं होतं..."

"तडकलं तर भावकीला सांगायचं. कढीपत्ता न्हाय लावायचा."

देवमाणसाकडनंसुद्धा पातेल्यात कढीपत्ता लावला जातो, हे मला त्या दिवशी कळलं. वकीलबाई म्हणाल्या, "म्हणूनच विश्वस्त दोन ठेवा, आणि हिशोब लिहिलेला ठेवा. एकानं झाड लावलं तर दुसऱ्यानं विचारायचं." काकांनी मोठ्या मनानं मान डोलावली आणि स्वतःच नाव सुचवलं, त्यांच्या सुनेचं. ही माझी वहिनी पतपेढीत आहे, तिच्या नजरेतनं एक रुपया सुटत नाही आणि एक पातेलंही सुटलं नसतं. सासऱ्यांच्या गच्चीवर ती जात नाही, एवढंच.

"आणि दुसरा?" वकीलबाईंनी विचारलं.

आत्यानं माझ्याकडं बोट केलं. "ह्यो. ह्याच्या बापाकडनं वसूल करायचंय."

वकीलबाईंनी मला पहिल्यांदा नीट बघितलं. "हे काय करतात?"

"आवाज काढतो," मी म्हटलं.

"कुणाचा?"

"कुणाचाही."

"विश्वस्ताला स्वतःचा असावा लागतो."

मी लगेच हसलो, कारण चांगला विनोद दुसऱ्यानं केला तरी मला हसायला येतं. घरी येईपर्यंत तो टोचायला लागला होता.

वकीलबाईंनी एक काम दिलं होतं. ट्रस्टच्या कागदात पैशांचं आणि घराचं येतं, माणसाचं येत नाही. दादासाठी कायदेशीर पालक नेमायचा अर्ज वेगळा करायचा होता, तो त्या बघणार होत्या. पण त्याच्याबरोबर एक पत्र जोडा म्हणाल्या. मुलाचा दिवस कसा जातो, त्याला काय लागतं, काय चालत नाही, हे आईनं सांगायचं आणि कुणीतरी लिहून घ्यायचं. कुणीतरी म्हणजे मी. नोंदणीची तारीख अकरा दिवसांनी होती.

आम्ही रोज संध्याकाळी ओट्यापाशी बसायचो, आत्या भाजी निवडायची आणि मी मोबाइलवर टाइप करायचो. चहा बशीतनंच. कपातनं दिला तर तो कप खिडकीत ठेवतो आणि विसरतो. केस कापायला त्याच त्या सलूनमध्ये, आणि कात्री दाखवायची नाही, मशीन दाखवायचं. फटाक्यांच्या दिवसात कानात कापूस. हिरवा स्वेटर लागतो, निळा घालत नाही, निळा मेलेल्या कुत्र्याचा आहे म्हणतो, का ते आत्यालाही माहीत नाही. कुणी त्याला "काय रे, वय काय तुझं?" असं विचारून हसायला लागलं तर त्या माणसाला चहा द्यायचा नाही. हे शेवटचं मी टाइप करावं की नाही विचारलं, तर आत्या म्हणाली, "ठळक अक्षरात कर."

चौथ्या दिवशी मी माझ्याकडनं एक कलम घातलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, वकिली थाटात. "लाभार्थी जेवत नसल्यास विश्वस्ताने आत्याच्या आवाजात त्यास जेवणाची आज्ञा करावी." वाचलंही आत्याच्याच आवाजात. मला वाटलं, टाळी मिळणार.

आत्यानं मेथीची जुडी खाली ठेवली.

"ते खोड."

"का गं?"

"मी दवाखान्यात होते तवा तू स्वयंपाकघरात लपून माझा आवाज काढलास. दोन दिवस. बरोबर? मी घरी आले. हितं, ह्या खुर्चीत बसले होते. आन ह्यो उठून स्वयंपाकघरात गेला. दाराच्या मागं बघितलं. पिठाचा डबा सरकवून त्याच्या मागं बघितलं. मी म्हटलं, काय शोधतो वाघा? तर म्हणाला, आई."

मी मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला.

"मी म्होरं बसलेली, आन ह्यो मला आत शोधतोय. आठ दिवस शोधत होता. तुला दिसलं न्हाय, तू हडपसरला." तिनं परत मेथी घेतली. "मी गेल्यावर तू बोलशील माझ्या आवाजात. लई ग्वाड बोलशील, येतंय तुला. आन ह्यो जलमभर दारामागं बघत बसंल."

माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात भारी कामाची ही समीक्षा होती.

"लिही," आत्या म्हणाली. "माझ्या मागं माझा आवाज कुणी काढायचा न्हाय. आन अजून ऐक. त्याला तुझ्या आवाजात जेवायला घालून दाखव. सहीच्या आधी. जमलं तर तुझं नाव राहील. न्हाय जमलं तर दुसरं कोण शोधीन, रागवायचं न्हाय."

सात दिवस होते. पहिल्या दिवशी मी दादासमोर ताट ठेवलं, घसा साफ केला आणि म्हटलं, "दादा, जेव."

दादा माझ्याकडं बघत राहिला. वाट बघत होता. मग म्हणाला, "आता कोण?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुरुवातीचे दिवस सोडले तर चार वर्षांत मी दादाशी साध्या आवाजात कधी बोललोच नव्हतो. कधी बसचा कंडक्टर, कधी काका, कधी कुकरची शिट्टी. त्याच्या लेखी मी माणूस नव्हतो, रेडिओ होतो. आणि आता रेडिओवर नुसती खरखर लागली होती.

"मीच आहे," मी म्हटलं.

"नको. कंडक्टर."

दुसऱ्या दिवशी मी जरा प्रेमानं म्हटलं, तर तो म्हणाला, "मावशी," कारण ते प्रेम मावशीचं निघालं. तिसऱ्या दिवशी जरा दरडावलं, ते हेडमास्तर निघाले. मी आरशासमोर उभं राहून "जेव" हा शब्द पंचवीस वेळा म्हणून बघितला. प्रत्येक वेळी ओळखीचं कुणीतरी बोललं, मी सोडून. चौथ्या दिवशी गुलाबजाम आणले. दादानं गुलाबजाम खाल्ले आणि जेवण ठेवलं. आत्या पलीकडं बसून सगळं बघत होती आणि शेवटी येऊन "जेव माझ्या वाघा" म्हणत होती. मला एका शब्दानं बोलत नव्हती, त्याचंच जास्त लागत होतं. पाचव्या दिवशी मी वहिनीला फोन करून विचारलं, एकाच विश्वस्तावर भागेल का? वहिनी म्हणाली, "भावजी, मी पासबुक बघीन, पण दादांच्या कपात बशी लागते का बशीत कप, ते मला नाही जमणार."

सहाव्या दिवशी हडपसरच्या एका कंपनीचा वार्षिक कार्यक्रम होता. माईक बिघडला, आणि मी अडीचशे माणसांसमोर पाऊण तास नुसत्या घशावर किल्ला लढवला. कार्यक्रम संपला तेव्हा आवाज पूर्ण बसला होता. त्यात परत येताना गाडी अशी अडकली की स्वारगेट जवळ नाही आणि हडपसर लांब नाही. घरी पोचलो तेव्हा सकाळच्या चहाशिवाय पोटात काही नव्हतं. आत्या आतल्या खोलीत पडली होती. दादा नुकताच गच्चीवरनं उतरला होता, संध्याकाळची टाकी भरून, बाह्या ओल्या.

मी दारातच बसलो. परीक्षेचं डोक्यातही नव्हतं. जो काही घोगरा आवाज शिल्लक होता त्यात म्हटलं, "दादा, लई भूक लागलीय रे. वाढ की मला."

दादानं माझ्याकडं बघितलं. "आता कोण?" असं विचारलं नाही. "तुला?" म्हणाला.

"मला."

तो आत गेला. भांड्यांचा बराच आवाज झाला. ताट घेऊन आला. दोन भाकरी, आमटी जवळजवळ सगळी ताटात, थोडी फरशीवर, आणि मीठ इतकं की काकांच्या कढीपत्त्याला खत म्हणून पुरलं असतं. माझ्यासमोर बसला. माझी भाकरी उचलली आणि तिचे तुकडे केले, बारीक बारीक, आत्या त्याच्यासाठी करते तसे, आणि आमटीत बुडवले.

"जेव," म्हणाला. "मीठ बरोबर हाय."

मी जेवलो. मीठ बरोबर नव्हतं. चार घास झाल्यावर मी ताट मध्ये सरकवलं. "तू पण ये ना, एकट्याला जात नाही." तो आला. आम्ही एका ताटात जेवलो, आणि तो मला मध्ये मध्ये "पाणी पी" असं सांगत होता.

मी वर बघितलं तर आत्या खोलीच्या दारात उभी होती. कधीपासनं, माहीत नाही. फरशीवरच्या आमटीकडं बघून म्हणाली, "पुसायचं कुणी?" आणि आत गेली.

मी विचार करत बसलो की इतकी वर्षं आपण सगळे त्याला जेव म्हणतोय, ऊठ म्हणतोय, पाठ घास म्हणतोय. हाक मारतो दादा, आणि वागवतो सगळ्यात धाकट्यासारखं. त्याला कुणी कधी म्हटलंच नव्हतं, मला वाढ.

नोंदणीच्या दिवशी कागदात माझं नाव होतं. मला बोलता येत नव्हतं, त्यामुळं सगळं शांततेत पार पडलं असं आत्याचं म्हणणं. पण त्याआधी वकीलबाईंनी जोडपत्र वाचलं. "विश्वस्ताने अगर अन्य कोणीही माझ्या पश्चात माझा आवाज काढून माझ्या मुलाशी बोलू नये. त्याला काम सांगायचे असल्यास मागावे, आज्ञा करू नये." त्यांनी ते दोनदा वाचलं. म्हणाल्या, "मी आजवर असं कलम बघितलेलं नाही. असू दे." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "माझाही आवाज काढत असाल."

मी घोगऱ्या आवाजात कसाबसा म्हणालो, "नाही मॅडम. तुमची फी लागेल."

त्या हसल्या. फी कमी केली नाही.

कचेरीत टोकन, अंगठे, कॅमेऱ्यासमोर फोटो. दादाला सही करायची नव्हती, पण सगळ्यांचे फोटो निघतात आणि आपला नाही म्हटल्यावर तो खुर्चीतनं उठेना. मागं रांग लागली. तिथल्या कारकून बाई म्हणाल्या, "बसा तुम्ही, इकडं बघा," आणि कॅमेरा त्याच्याकडं वळवून उगाच एक बटण दाबलं. दादा उठला आणि कचेरीभर ऐकू जाईल असं ओरडला, "झालंऽऽ!"

बाहेर आल्यावर आत्या पायरीवर जरा वेळ बसली. "आता घर माझं न्हाय," म्हणाली.

वकीलबाई म्हणाल्या, "तुमच्याकडं आहे."

"पातेल्यावाणी."

"पातेल्यासारखं."

आत्यानं पदर सारखा केला. "मग घासून ठेवाय पायजे," म्हणाली आणि रिक्षाला हात केला.

गच्चीचं काम राहिलं ते राहिलंच. पैसे मुद्रांकात गेले. जिना अजून गळतो, पण आता बादली नाही. काकांनी कढीपत्ता कुंडीत हलवला आणि भावकीचं ते मोठं पातेलं घासून, कल्हई करून आमच्या जिन्यात आणून ठेवलं. बुडाला बारीक तडा आहे, म्हणजे गळकं छत गळक्या पातेल्यात गळतं. वहिनीनं त्याची वहीत नोंद केली. महिन्याभरानं पोस्टानं ट्रस्टचं पॅनकार्ड आलं. आत्यानं ते उलटंसुलटं बघून विचारलं, "ह्याच्यावर फोटो कसा न्हाय?" मी म्हटलं, ट्रस्टला तोंड नसतं. "चांगलंय," म्हणाली. "तू पण शिक जरा त्याच्याकडनं."

कलमात "माझ्या पश्चात" लिहिलंय, त्यामुळं कायद्यानं मला आज बंदी नाही. तरी घरात मी आत्याचा आवाज काढत नाही. बाकीचे काढतो, दादाला कंडक्टर लागतोच. पण काही मागायचं असलं की माझ्याच आवाजात. रोज जमतं असं नाही. कधी कधी तो म्हणतो, "मला कंटाळा आलाय, आईला सांग." तेव्हा आत्या हसते आणि मी उपाशी.

परवा दादा गच्चीवर होता. आत्या पायांना तेल लावत बसली होती. एकदम म्हणाली, "ए, काढ की जरा माझा."

"आवाज? तूच बंद केलाय."

"तो न्हाय हितं. बघू दे तरी, मी कशी बोलते."

मी हळू आवाजात काढला. "ऊठ माझ्या वाघा, ऊन आलं." थोडं नाक, थोडा धूर, शेवटी जरा दम. आत्यानं मान तिरकी करून ऐकलं. परत काढ म्हणाली. परत काढला.

"मी येवढी दमत न्हाय," म्हणाली.

"दमतेस."

"मग तू ध्यानात ठिव. त्याला नको सांगू."

वरनं आवाज आला, "भरलंऽऽ!" आत्या उठायला लागली, गुडघ्यावर हात टेकला, आणि परत बसली. माझ्याकडं बघितलं. मी गेलो आणि मोटरचं बटण बंद केलं. मग जिन्याच्या तळाशी, पातेल्याशेजारी उभं राहून वर तोंड केलं.

"दादा, भूक लागलीय."

वर पावलं थांबली. मग टाकीचं झाकण लावल्याचा आवाज आला, आणि वरनं थोरल्या भावाचा आवाज.

"आलो. हात धू."